सव्वा महिना अळणी

अंबड, मकर संक्रांत, शके १८५६

तीर्थरूप आक्का,

मच्छिंद्रचा नमस्कार. फकरोद्दीनभाई, तुम्हालाही सलाम. भोकरदनचं टपाल तुम्हीच आणता आणि आक्काला वाचूनही तुम्हीच दाखवता, त्यामुळे तुम्हाला वगळून माझ्या बहिणीला मला पत्र लिहिताच येत नाही. जरा सावकाश वाचा. तुमची सायकल कुठं पळून जात नाही.

आक्का, दाजींची तब्येत आता कशी आहे? ताप उतरला का? वैद्याला दाखवलं का? तुला गाडीत बसवून दिलं तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला आहे. निरोप आणणारा तो कापसाचा गाडीवाला पुन्हा दिसला नाही, नाहीतर त्याला खोदून विचारलं असतं. माणूसही असा की 'रखमाजी लई आजारी हायेत' एवढं बोलून बैल हाकले. नावसुद्धा सांगितलं नाही. चेहरा तेवढा लक्षात आहे, काळासावळा होता.

इकडे सगळं ठीक. पोरगी रडते, पण रडायचंच वय आहे तिचं. बाळंतिणीला, सोनूला, जराशी कणकण आहे. आता न्हाऊ-माखू पुष्पाकाकू घालतात. काकूंचा हात तुला माहीत आहे, कणीक तिंबावी तसं चोळतात. सोनू न्हाणीतून आली की भिंतीकडं तोंड करून पडते. तुझं वाळत घातलेलं लुगडं तसंच राहिलं, आणि शेकायच्या चिंध्यांचं गाठोडंही शेगडीपाशीच आहे. काकू ते उचलून ठेवायला गेल्या तर सोनू म्हणाली, "ऱ्हाऊ द्या तिथंच. आक्का येतील."

मला रोज विचारते, आक्का कधी येणार? मी म्हणतो, दाजी बरे झाले की. तिला आई नाही, तू आलीस म्हणून तिला बाजेवर पडल्या पडल्या माहेर मिळालं होतं. परवा मला दाराबाहेरून ऐकू आलं, शेजारणीला सांगत होती, "सगळे पोरीला बघाया येतेत. आक्का एकट्या मला बघायच्या."

बारशाचं काय करायचं? नाव आत्यानंच ठेवायचं असतं. दाजींना बरं वाटलं की कळव, तोवर बारसं थांबवतो.

सोबत पुडीत तिळगूळ पाठवला आहे. खा, आणि दाजींना दे. पुढचं काय बोलतात ते तुला ठाऊकच आहे.

तुझा,
मच्छिंद्र

अंबड, पौष पौर्णिमा

तीर्थरूप आक्का,

फकरोद्दीनभाईंचं कार्ड आलं. त्यांनी लिहिलं ते तुला कदाचित माहीत नसेल, म्हणून इथं उतरवतो:

'मास्तरसाब, साळूआपा घरी आल्या तवा रखमाजीभाऊ अंगणात बसून बैलाची घुंगरं ओवून राह्यले व्हते. बिलकुल ठणठणीत. आपानं राजूरच्या वाटेवर देवळाचा कळस बघून गणपतीला नवस बोलला व्हता, की धनी उठून बसलेले दिसले तर सव्वा महिना अळणी खाईन. आता धनी तर उठून बसलेलेच व्हते. तवापासून त्यांच्या कालवणात मीठ न्हाई. म्या म्हणलं, आपा, खबर झुटी तर नवसबी झुटा. तर म्हणल्या, गणपतीला कुठं ठावं व्हतं खबर खोटी हाय म्हणून? तुमचं खत वाचून राह्यलो व्हतो, "ताप उतरला का" इथवर आल्तो, तर उठून चुलीकडं गेल्या. जबाब काय लिहू इचारलं, तर काही न्हाई म्हणल्या. रखमाजीभाऊ म्हणून राह्यलेत, मला काय झाल्तं तेवढं तरी मास्तरला इचारा. गाव इचारून राह्यलंय.'

कार्ड वाचल्यापासून मी दोनदा पत्र लिहून फाडलं. पण माझं राहू दे. आधी सोनूचं लिहितो. फकरोद्दीनभाई, पुढचं बायकांचं आहे. मान खाली घालून वाचा, पण वाचा.

सोनूचं दूध साकळलं आहे. डावी बाजू दगडासारखी झाली, लाल पडली, हात लावू देत नाही. रात्री ताप चढतो. पोरगी तोंड लावते, दोन घोट घेते आणि किंचाळते. काकू म्हणतात वारं लागलं, आणि आणखी जोरानं चोळतात. सोनू ओरडते ती मला मी शिकवतो त्या सरकारी मदरशाच्या वाटेपर्यंत ऐकू येते. काल मला बोलावून म्हणाली, "दाजी बरे हायेत का न्हाई तेवढं खरं सांगा." मी म्हणालो, कार्डाची वाट बघतोय. कार्ड माझ्या खिशात होतं.

आक्का, तू ये. माझ्यासाठी येऊ नकोस, तिच्यासाठी ये.

आता दुसरं. निरोप आला नव्हता. गाडीवाला नव्हता, काळासावळाही नव्हता. पाचवीच्या दिवशी सटवाईपुढं मी बोरू तासून ठेवला, कोरा कागद ठेवला, आणि तू रात्रभर पोरीपाशी जागलीस. दुसऱ्या दिवशी पोरगी अंगावर पिईना. तेव्हा काकू बोलल्या. काय बोलल्या ते तू ओळखलं असशील. तुझी तीन लेकरं पाळण्यातच गेली, त्यावरून बोलल्या. 'जिच्या मांडीवर एक टिकलं न्हाई, तिच्या मांडीवर आपलं द्यायचं का?' असं. तुला तोंडावर सांगवेना म्हणून मी दाजींच्या आजाराचं कारण काढलं. काकूंचा स्वभाव तुला माहीत आहे. त्या वडील, त्यांच्यापुढं माझं चालत नाही. मी काय करणार होतो?

चुकलो. पण ये.

तुझा,
मच्छिंद्र

अंबड, पौष वद्य एकादशी

तीर्थरूप रखमाजी दाजी यांस,

मच्छिंद्रचा साष्टांग नमस्कार. आक्का संकष्टीला सुखरूप पोचली. चार दिवसांत लिहायला हवं होतं, पण तुम्हाला लिहायला हात धजेना. ज्या माणसाला आपण मनानंच तापात लोळवलं त्याची खुशाली कशी विचारायची?

तुम्हाला काय झालं होतं असं तुम्ही विचारलंत. दाजी, तुम्हाला काही झालं नव्हतं. जे व्हायचं ते मला झालं होतं. गावाला काय सांगायचं ते तुमच्यावर सोपवतो, तुम्ही माझ्यापेक्षा बरं सांगाल.

आक्का आली ती उन्हातून थेट खोलीत गेली. मी दारात उभा होतो. "सरक," एवढं एकच बोलली. त्यानंतर माझ्याशी बोललेली नाही. काकूंच्या हातातून तेलाची वाटी घेतली आणि म्हणाली, "काकू, तुमी दमल्या असतान. बसा जरा." काकूही बसल्या. मग तिनं गरम पाण्यात फडकं पिळून सोनूला शेक दिला, पोरीला दुखऱ्या बाजूलाच आधी धरलं, आणि सोनूचा हात स्वतःच्या मांडीवर घेऊन बसली. सोनू ओरडली की आक्का म्हणायची, "वरड, पोरी. वरड. कोन ऐकतंय?" ऐकत मी होतो.

दोन दिवसांनी ताप उतरला. आता पोरगी नीट पिते. पोट भरलं की आक्का तिला घेऊन बाहेर येते आणि सोनूला सांगते, "आता तू नीज. जगाला उठू दे, तू नीज." ओव्याची धुरी मात्र अशी करते की सगळं घर खोकतं. काकूंनी कुरकुर केली तर म्हणाली, खोकून घ्या, छाती मोकळी होते.

दाजी, एक गोष्ट तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही. ती अजून अळणी खाते. स्वतःपुरतं कालवण आधी काढून ठेवते आणि मग बाकीच्यात मीठ घालते. काल आम्ही जेवायला बसलो होतो. काकूंनी विचारलं, "साळू, मीठ का सोडलं गं?"

मी भाकरी मोडली होती, ती तशीच हातात राहिली. मला वाटलं आता ही बोलणार, आणि बोललीच पाहिजे. पण ती म्हणाली, "नवस व्हता काकू. धनी लई आजारी व्हते. बरे झाले म्हणून मंग फेडून राह्यले."

"बया! मच्छिंद्र म्हणला व्हता ते खरंच का मंग?" काकू म्हणाल्या.

"खरं न्हाई तर काय? तो कशाला खोटं बोलंल?"

खोलीतून सोनूनं विचारलं, "आता बरे हायेत ना?" आक्का म्हणाली, "एकदम बराबर."

मी तिथंच होतो, दाजी. मी भाकरी कालवणात बुडवली आणि खाल्ली. कालवणात मीठ बरोबर होतं.

आपला,
मच्छिंद्र

अंबड, माघ शुद्ध दशमी

तीर्थरूप आक्का,

फकरोद्दीनभाईंचं नवं कार्ड आलं, त्यातून कळलं की माझं पौष पौर्णिमेचं पत्र तू पुरतं ऐकलंच नव्हतंस. 'दूध साकळलं' हे शब्द ऐकले आणि तू उठलीस, लुगड्याचं बोचकं बांधलंस, आणि तसाच पुढचा कागद हातात घेऊन फकरोद्दीनभाई अंगणात उभे राहिले. म्हणजे मी चूक कबूल केली ती भोकरदनच्या बोरीच्या झाडानं ऐकली. आणि मी मूर्ख, तू इथं असताना रोज समजत होतो की हिनं सगळं ऐकलं, पोटात घातलं, म्हणूनच ही मला सांभाळून घेते आहे.

तर या वेळी आधी माझं, मग पोरीची खुशाली. उठू नकोस. फकरोद्दीनभाई, हिला उठू देऊ नका.

त्या पत्रात मी काकूंवर ढकललं होतं. तू ऐकलं नाहीस ते बरंच झालं, कारण तेही पुरतं खरं नव्हतं. काकू बोलल्या हे खरं. पण सकाळी एकदा बोलल्या आणि विसरून गेल्या. दुपारी त्यांनी स्वतःच पोरीला उचलून तुझ्या मांडीवर दिलं, 'साळू, धर जरा' म्हणून. तू तिला छातीशी धरलंस, ओठांनी तिच्या कपाळाला ताप आहे का बघितलास. मी खिडकीतून बघत होतो. मला तुझी तिन्ही बाळं आठवली. धाकट्याला तर मीच फडक्यात गुंडाळून दाजींच्या हातात दिलं होतं, तेव्हा मी मिसरूड न फुटलेला पोरगा होतो. आणि आक्का, मला भीती वाटली. तुझी भीती वाटली. तुझ्या हाताची, ज्या हातानं मला भरवलं, आई गेल्यावर दारोदार फिरून माझ्यासाठी ताक मागून आणलं.

मदरशात मी पोरांना सांगतो की ग्रहणात घराबाहेर पडल्यानं काही होत नाही. मुलं हसतात, मीही हसतो. आणि त्या दिवशी सटवाईपुढचा कोरा कागद मी उजेडाकडं धरून बघितला. काकूंच्या तोंडातलं ते बोलणं मी उचललं, कारण ते माझ्याच मनात होतं आणि उच्चारायचं धाडस नव्हतं. गाडीवाला मी बनवला. ताप मी बनवला. सवाष्ण बाईला 'तुझा नवरा लई आजारी आहे' असं सांगताना माझी जीभ झडली नाही. तुझ्या पायात वहाणासुद्धा धड नव्हत्या, एक तुझी आणि एक काकूंची, अशी तू गाडीत चढलीस. मी मागून हात हलवला.

या खेपेला तू परत निघालीस त्या दिवशी मी तुला लुगडं दिलं, तू घेतलं नाहीस. मी वाकलो, तू पाय मागे घेतले नाहीस, पण डोक्यावर हातही ठेवला नाहीस. मग वेशीपाशी बोललीस तेवढंच:

"दाजीला कशाला आजारी पाडलं रं? आक्का, तू जाय, एवढं म्हणला असता तर मी गेले असते."

तेव्हापासून मी हेच ऐकतो आहे. वर्गात पाढे म्हणवून घेताना ऐकतो. खरंच गेली असतीस. काही न विचारता, न रागावता, बोचकं उचलून गेली असतीस, आणि जाताना सोनूला शेक कसा द्यायचा तेही काकूंना सांगून गेली असतीस. मला तुला दुखवायचं नव्हतं असं मी स्वतःला सांगत होतो. खोटं आहे ते. मला तुझ्यासमोर उभं राहून तसा माणूस दिसायचं नव्हतं. तसा मी होतोच.

काल संध्याकाळी हे पत्र इथपर्यंत लिहिलं आणि विचार केला, परक्या माणसाच्या तोंडून हे तुझ्यापुढं वाचलं जाणार, आणि माझ्याच घरात कोणाला माहीत नाही. मग ओसरीवर सोनूला आणि काकूंना बसवलं आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचलं. मास्तर असून मला वाचताना अडखळायला झालं. काकू मध्येच थांबवून म्हणाल्या, "मी बोलले ते वाईट बोलले. पर तोंडानं बोलले, घरात बोलले. तू तर तिला रस्त्यानं रडत लावून दिलं." आणि पदर डोळ्याला लावून आत गेल्या. थोड्या वेळानं बाहेर येऊन विचारलं, "तिच्या पायात माझी वहाण व्हती ती तिनं आनली का परत?" तू आणली होतीस. ती कोनाड्यात आहे. त्यांनी ती काढली, पुसली, आणि तिची जोडीची दुसरीही काढून पुसून ठेवली. तुझ्यासाठी.

सोनू पोरीला पाजत बसून राहिली. मग एवढंच विचारलं, "माझा ताप चढला त्या दिवशी कार्ड तुमच्या खिशात व्हतं?" मी हो म्हणालो.

आता पोरीची खुशाली. चांगली आहे, बाळसं धरलं आहे, हसते असं काकू म्हणतात, मला वाटतं पोटात वारा धरतो. सव्वा महिन्याची विहीर पुजून झाली. नाव अजून नाही. तू इथं असताना काकूंनी विषय काढला तेव्हा तू म्हणालीस, "नाव ठेवाया कोनी लेकुरवाळी बघा." ते तू पाळण्याची दोरी सोडून, हात पुसत म्हणालीस. सोनूला तेव्हा वाटलं तू थकली आहेस. काल तिला कळलं. आज सकाळी ती म्हणाली, पोरीचं नाव तिची आत्या ठेवील, नाहीतर कोणी ठेवणार नाही.

म्हणून आम्ही येतो आहोत. सोनू, मी, पोरगी, आणि काकूही. काकू गाडीत बसायचं म्हटलं की कंबर धरतात, पण येते म्हणाल्या. माघी पौर्णिमेला तुझा नवस फिटतो, त्या दिवशी पोचू. दार उघडायचं की नाही ते तुझ्याकडं. माझ्यासाठी उघडू नकोस, मी बाहेर बोरीखाली दाजींपाशी बसेन. घुंगरं ओवायला शिकेन. पोरीला आत घे. तिच्या कानात काय सांगायचं ते सांग. आणि नाहीच घेतलीस, तर तिला बिननावाची परत आणू, आणि मोठी झाल्यावर ती मला कारण विचारेल तेव्हा मी खरं सांगेन.

एक लिहायचं राहिलं. आज जेवायला बसलो. सोनू बाजेवरून उठल्यावर आज पहिल्यांदाच तिनं वाढलं. पान मांडलं, पाणी ठेवलं, भाकरी वाढली, कालवण वाढलं. पानात वर डावीकडं मीठ असतं ती जागा रिकामी होती. मला वाटलं विसरली. घास घेतला, कालवणही अळणी होतं. मी वर बघितलं. ती समोर उभी होती, मिठाचं लाकडी सट हातात घेऊन.

"आक्कांचा नवस कधी फिटतो?" तिनं विचारलं.

"पौर्णिमेला," मी म्हणालो.

तिनं सट फळीवर ठेवलं. मी जेवलो.

तुझा,
मच्छिंद्र